शेठ किती आरपीएमला हसतात

एकदा एक गुळाचा व्यापारी होता आणि तो हसत नसे.

दुःखी होता असं समजू नका. प्रकृती ठणठणीत, संसार सुरळीत, पंगतीत जिलबीला नाही म्हणायची सवय नव्हती. पण कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्यात तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. तिथं डोळ्यांदेखत गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडतात, आतून पिवळाधमक कणीदार गूळ निघतो, आणि अशा वेळी खरेदीदाराच्या ओठाचा कोपरा जरी हलला, तरी समोरच्या अडत्याला कळतं की पाखरू जाळ्यात बसलं. भाव चढलाच म्हणून समजा. म्हणून सातगोंडा शेठनी ऐन तारुण्यात हसू आत कोंडून घेतलं. कोंडलं होतं सौद्यापुरतंच, पण पुढं ते बाहेर यायची वाटच विसरून गेलं. नातवाच्या बारशालासुद्धा ते पाळण्यात वाकून, गुळाचा रंग तपासावा तसे पोराकडं बघत होते, असं त्यांच्या पत्नी पद्मावतीकाकी चारचौघांत सांगत असत.

असा हा गृहस्थ वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आपली लाल गाडी घेऊन उद्यमनगरात बाबालाल मिस्त्रींच्या दारात उभा राहिला.

"हिचं इंजिन पळणारं करायचं," शेठ म्हणाले.

"पळणारं म्हणजे केवढं?" मिस्त्रींनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. गूळ मी ठरवतो, इंजिन तुम्ही. पण गाडी रोजच्या वापराची आहे, हे ध्यानात ठेवा. मागं आमची मंडळी बसतात."

एवढं बोलून शेठ रिक्षानं निघून गेले. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

आता ज्या सज्जनांनी इंजिनाचं पोट कधी उघडं पाहिलं नाही, त्यांनी दोन ओळी धीर धरावा. ज्यांना सगळं येतं त्यांनी तोवर चहा पिऊन यावं. इंजिनात एक दांडा फिरत असतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. त्याच्या अंगावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा वर आला की झडप उघडते आणि इंजिन श्वास घेतं. उंचवटा फिरून गेला की झडप मिटते. उंचवटा उंच आणि रुंद केला तर झडप जास्त उघडते, जास्त वेळ उघडी राहते, आणि इंजिनाला मोठा श्वास मिळतो. मग सगळ्यात मोठाच का बसवू नये? इथंच भल्याभल्यांची फजिती होते. तो मोठा उंचवटा भरधाव वेगात अमृत आहे. पण गाडी सावकाश चालली की घेतलेला निम्मा श्वास त्याच उघड्या झडपेतून माघारी जातो. गाडी जागेवर लंगडते, सिग्नलला गचके खाते, चढावर चार माणसं बसवली की कण्हते. थोडक्यात, कुठल्या वेगाला जोर हवा हे आधी ठरवायचं आणि मग दांडा निवडायचा. इंजिन मिनिटाला किती गिरक्या घेतं हे समोरचा काटा दाखवतो, त्यालाच आरपीएम म्हणायचं. झालं. तुम्ही आता निम्मे मिस्त्री झालात.

बाबालाल मिस्त्री असे दांडे घासून देत. सत्तर वर्षांचा माणूस, दाढी पांढरी, बोटं काळी. गिऱ्हाईक समजायला सोपं जावं म्हणून त्यांनी आपल्या तीन ठरलेल्या दांड्यांना नावं दिली होती. सगळ्यात लहान तो मास्तर, कारण तो कधी आवाज चढवत नाही. मधला जावई, कारण एरवी शांत बसतो पण अंगात आलं की घर डोक्यावर घेतो. आणि सगळ्यात मोठा तो पैलवान.

त्यांच्या हाताखाली शहाजी चौगुले नावाचा शिष्य नऊ वर्षं शिकत होता. तिशीला टेकलेला, लग्न झालेला, हात इतका साफ की त्यानं घासलेल्या दांड्यावरून बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटावं. दोष एकच. त्याला पैलवानाचं वेड होतं. पैलवान बसवलेली गाडी नुसती उभी असली तरी धड्-डुक्, धड्-डुक् असा दंड ठोकल्यासारखा आवाज करते, आणि समोरच्या चहाच्या टपरीवरची झाडून सगळी मंडळी मान वळवून बघतात. त्या वळलेल्या माना शहाजीला फार प्रिय होत्या. तुमच्यातल्या कित्येकांनाही प्रिय आहेत, पण तो विषय वेगळा.

शेठ गेल्यावर मिस्त्रींनी चष्मा पुसला. "शहाजी, माझा हात आता थरथरतो. ही शेवटची गाडी. ह्या गाडीचा दांडा तू निवडायचा. बरोबर निवडलास तर उद्यापासनं हे दांडे घासायचं यंत्र तुझं. चुकलास तर यंत्रावर गोणपाट टाकून मी लेकीकडं मिरजेला चाललो."

"वस्ताद, घासण्यात काय खोट काढताय माझ्या?"

"घासण्यात खोट न्हाई रे. घासायला हात लागतो, तो तुझा माझ्यापेक्षा बरा हाय. निवडायला काय लागतं ते बघूया."

शहाजीच्या छातीत इंजिन सुरू झालं. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते यंत्र आता हाताच्या अंतरावर. तो तडक म्हणाला, "पैलवान. शेठ म्हणाले पळणारं पाहिजे. पैलवानाहून पळणारं दुसरं काय हाय?" आणि उत्साहाच्या भरात तो टपरीवर जाऊन सांगूनही आला, की आठ दिवसांत लाल गाडीचा आवाज ऐका, कपातला चहा हलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी एक विलक्षण गोष्ट केली. पत्र्याचे तीन रिकामे डबे घेतले. पहिल्यावर रंगाची एक रेघ ओढली, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. पिशवीभर फुटाणे आणले आणि ते सगळं शहाजीच्या हातात दिलं.

"आज दिवसभर शेठच्या शेजारी बसायचं. ते जातील तिकडं जायचं. शेठ हसले की त्याच क्षणाला काटा कुठं हाय ते बघायचं. तीन हजाराच्या खाली असला तर एक फुटाणा पहिल्या डब्यात. तीन ते पाच असला तर दुसऱ्यात. पाचाच्या वर असला तर तिसऱ्यात."

"वस्ताद, शेठ हसत न्हाईत."

"म्हणून तर तुला हलकं काम दिलंय."

"आणि हसण्याचा अन् कॅमचा काय संबंध?"

"शेठला ह्यातलं एक अक्षर सांगायचं न्हाई. सांगितलं की माणूस उगाच हसतो. जा."

शहाजीला वाटलं, म्हाताऱ्याला चेष्टा सुचली आहे. या तर्कात चूक नव्हती, कारण मिस्त्रींना चेष्टा रोजच सुचत असे. पण यंत्र पणाला लागलं होतं. इंजिन अजून उघडलं नव्हतं, म्हणून शेठ त्या दिवसापुरती गाडी न्यायला आले, तेव्हा तो गाडीत बसला. शेठ चालवत होते, मागं पद्मावतीकाकी जरीकाठी नेसून, शेजारी आहेराची भांडी. आधी मार्केट यार्डात एक चक्कर आणि मग गगनबावड्याच्या रस्त्याला काकींच्या माहेरी, भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं.

गाडी दारातून हलायच्या आधीच शहाजीनं एक उपद्व्याप केला. शेठ हसणार नाहीत हे जगजाहीर. रिकामे डबे परत नेले तर म्हातारा काय ठरवील कोण जाणे. त्यापेक्षा आपला पैलवान पक्का झालेला बरा. त्यानं गुपचूप मूठभर फुटाणे तिसऱ्या डब्यात सोडले आणि झाकण लावलं. गाडी गचका खाऊन सुटली.

"डब्यांत काय आहे?" शेठनी विचारलं.

"फुटाणे."

"तीन डब्यांत?"

"वेगवेगळ्या चवीचे हाईत," शहाजी म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की आपण कुणाशी बोलतोय.

शेठनी हात पुढं केला. तीस वर्षं जिभेवर खडा ठेवून गुऱ्हाळाचं गाव सांगणारा माणूस. पिशवीतला एक दाणा चावला, तिसऱ्या डब्यातला एक चावला. "एकाच भट्टीचे आहेत," ते म्हणाले. "आणि भट्टी कालची." चेहरा जसाच्या तसा. शहाजी खिडकीतून बाहेर बघू लागला.

मार्केट यार्डात हसण्याचा प्रश्नच नव्हता. गर्दी, हातगाड्या, पोत्यांचे ढीग; काटा हजार-दीड हजारात रेंगाळत होता. कुणी नमस्कार केला, शेठनी मान हलवली. एकानं चांगला विनोदही सांगितला. शेठ म्हणाले, "हं."

शहर संपलं, रस्ता मोकळा झाला, आणि शहाजीला युक्ती सुचली. "शेठ, दुसरा गिअर तसाच राहू द्या. पाय काढू नका. दाबा."

"कशाला?"

"इंजिनाची तपासणी करायची हाय. मिस्त्रींनी सांगितलंय."

शेठ आज्ञाधारक माणूस. त्यांनी दाबलं. काटा चार हजार, पाच हजार, सहा हजार. इंजिन किंचाळायला लागलं, आहेराची भांडी एकमेकांवर आदळायला लागली. शहाजीचे डोळे चमकले. सहा हजार दोनशे. त्याच्या कानांत पैलवान दंड थोपटायला लागला. तो आशेनं शेठच्या तोंडाकडं बघत राहिला. कच्चा आवळा खाल्ल्यागत शेठचं तोंड वाकडं झालं होतं.

"अहो, हे इंजिन रडतंय का काय?" काकी मागून म्हणाल्या. "आणि माझा डबा सांडला. लाडू होते त्यात."

"तपासणी झाली का?" शेठनी विचारलं.

"झाली," शहाजी म्हणाला.

रस्ता पुढं उसाच्या पट्ट्यातून जातो आणि दिवस गळिताचे. वळण घेतलं तोच समोर उसानं भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांपर्यंत झुललेला ऊस, आणि ट्रॅक्टरवर कान किटतील एवढ्या आवाजात गाणी. चढ होता. दोन किलोमीटर गाडी त्या उसाच्या शेपटीमागं मुंगीच्या पायानं चालली. शेठ उजवीकडं डोकावायचे आणि परत आत यायचे, पुन्हा डोकावायचे.

मग एकाएकी पुढचा रस्ता सरळ झाला. मोकळा, स्वच्छ, लांबवर कुणी नाही. शेठनी गाडी तिसऱ्यात टाकली आणि पाय दाबला. गाडी दचकली, मग जोर धरून पुढं सरकली. पहिली ट्रॉली मागं पडली. दुसरी पडली. ट्रॅक्टरवाल्याचा फेटा मागं पडला. गाणी मागं पडली. आणि मोकळ्या रस्त्यावर येताच शेठच्या नाकातून 'फस्स' असा आवाज आला आणि त्यांचे खांदे दोनदा हलले.

शहाजीनं झटकन काट्याकडं बघितलं. तीन हजार चारशे.

"काय झालं?" काकी पुढं वाकल्या. "ठसका लागला? पाणी देऊ?"

"काही नाही," शेठ म्हणाले.

"काही नाही कसं? छातीत दुखतंय का?"

"काकी, शेठ हसले," शहाजी म्हणाला.

"छ्या. ह्यांना ठसकाच लागला. तीस वर्षं संसार करत्येय मी."

"हसले, काकी. मी बघितलं."

"मी हसलो नाही," शेठ रस्त्याकडं बघत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

शहाजीची पंचाईत झाली. फुटाणा टाकावा की न टाकावा? साक्षीदार फितूर, आरोपी नाकबूल. शेवटी त्यानं दुसऱ्या डब्यात एक टाकला. टण् असा आवाज झाला. डबा इतका रिकामा होता की तो आवाज काकींनाही ऐकू आला.

ऊस काही एका ट्रॅक्टरचा नव्हता. साखर कारखान्याकडं रांगच लागली होती. दुसरा ट्रॅक्टर आला. काकी आता आरशात डोळे लावून बसल्या. शेठ डोकावले, आत आले, डोकावले. सरळ रस्ता, तिसरा गिअर, पाय. फस्स. खांदे हलले, आणि या वेळी गालावर एक खळगा पडला, जो काकींनी लग्नात पाहिला होता आणि नंतर नाही.

"बाई," काकी हळूच म्हणाल्या आणि मागं टेकल्या.

तीन हजार सहाशे. टण्.

तिसरा ट्रॅक्टर. तीन हजार दोनशे. टण्. चौथ्याला काकीच सांगायला लागल्या, "मोकळा आहे, घ्या, आता घ्या," आणि शहाजी खिडकीबाहेर मान काढून पुढचं बघू लागला, आणि तिघांच्याही अंगात असा काही उत्साह संचारला की रस्ता ऊस संपून मोकळा झाला तेव्हा तिघांनाही चुकल्यासारखं वाटलं. माहेरचं गाव येईपर्यंत दुसऱ्या डब्यात सहा फुटाणे झाले. साखरपुडा आटोपून परतताना पाच आणखी पडले.

परतीच्या वाटेवर काकी पेंगत होत्या. शहाजी मांडीवरच्या डब्यांकडं बघत होता. पहिला रिकामा. दुसऱ्यात अकरा, प्रत्येकाची रस्त्यावरची जागा त्याला पाठ. तिसऱ्यात मूठभर, आणि त्यातल्या एकाचीही जागा त्याला ठाऊक नव्हती. कारण त्यांच्यासाठी हसलं कुणी नव्हतंच.

त्यानं झाकण उघडलं. एक फुटाणा तोंडात टाकला. मग दुसरा.

शहाजी काय चघळतोय हे शेठनी एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं लक्ष दिलं. काकींना मात्र जाग आली.

"एकटाच खातोयस? इकडं दे की चार."

"काकी, पिशवीतले घ्या," शहाजी म्हणाला. "हे माझे मलाच खायला पाहिजेत."

त्यानं सगळे खाऊन टाकले. घसा कोरडा पडला तरी पाणी मागितलं नाही. आणि खाता खाता त्याच्या ध्यानात येत गेलं की टपरीवर आपण काय सांगून बसलोय, उद्या तिथली मंडळी काय म्हणतील, आणि यंत्र मिळेल की नाही याची आता काहीच खात्री नाही.

ऊन कलतं झालं तेव्हा तो मिस्त्रींच्या वर्कशॉपात शिरला. मिस्त्री यंत्राजवळच्या आपल्या स्टुलावर बसून होते. शहाजीनं तीनही डबे समोर ठेवले. मिस्त्रींनी पहिला हलवला, आवाज नाही. दुसरा हलवला, खुळखुळ. तिसरा हलवला, आवाज नाही.

"हा रिकामा?"

"व्हय."

"सकाळी गाडी दारातनं सुटली तेव्हा ह्यातनं खडखड आलेली ऐकली मी. म्हटलं, शेठ आमच्या उंबऱ्यावरच हसले का काय. लई आनंद झाला."

शहाजीनं फुटाण्यांची पिशवी डब्यांशेजारी ठेवली.

"मग खडखड कुठं गेली?"

"खाल्ली."

"का बरं?"

"ते हसले नव्हते, वस्ताद. सहा हजाराला त्यांचं तोंड आंबट झालं. काकींचे लाडू सांडले."

मिस्त्री हसले. खोकला येईपर्यंत हसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि मग शांत झाले.

"ऐक. लोकं येतात अन् विचारतात, मिस्त्री, सगळ्यात मोठा कुठला? माझ्या जोगा कुठला, असं कुणी विचारत न्हाई. पैलवान वाईट न्हाई रे. जी गाडी मैदानावर सहा हजाराच्या खाली उतरतच न्हाई, तिला तो वरदान हाय. पण शेठ सहा हजारावर राहत न्हाई. तिथं तू त्याला आज पाहुणा म्हणून नेलंस, अन् त्याचं मन रमलं न्हाई. तू दांडा निवडत होतास टपरीसाठी. टपरीवाले गाडी लांबनं ऐकतात; गाडीत बसतोय शेठ. काटा कुठवर पोचतो ते इंजिन सांगेल. माणूस कुठं खुलतो, ते त्याच्या शेजारी दिवसभर बसल्याबिगर कळत न्हाई. आज साध्या इंजिनावर तो अर्धा हसला. आपलं काम एवढंच, ते अर्धं पुरं करायचं."

मग त्यांनी खुंटीकडं बोट दाखवलं. तेलकट कागदात गुंडाळलेले तिन्ही दांडे तिथं टांगलेले होते. "आता निवड."

त्यांची नजर मधल्या दांड्यावर होती, आणि ती लपवायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. शहाजी उठला. जावई खाली काढला. कागद सोडला, दांडा उजेडात धरून फिरवला, उंचवट्यावरून अंगठा नेला. बराच वेळ गेला. मग त्यानं दांडा परत कागदात गुंडाळला आणि खुंटीला टांगला.

"काय झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"वस्ताद, डबा तीन ते पाचचा हाय. पण अकराच्या अकरा हसू तीन अन् चारच्या मधली हाईत. साडेचारला एक न्हाई. जावई खुलतोय साडेतीनच्या पुढं. तोवर निम्मी ट्रॉली मागं टाकून झाली असंल. त्यात मागं काकी, भांडी, एसी सुरू, रस्ता चढाचा." त्यानं कपाटातून एक कोरा दांडा काढला. "जावयापेक्षा केसाएवढा लहान घासतो. मास्तर अन् जावई, दोघांच्या मधला."

"तिथं माझ्याकडं दांडाच न्हाई," मिस्त्री म्हणाले.

"व्हय."

"टपरीवर काय सांगशील?"

"चहा सांगीन."

सत्तावीस वर्षं मिस्त्रींनी तीनच दांडे विकले होते, आणि तीन पुरतात असं त्यांना वाटत होतं. गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश उठले, स्टूल खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं आणि बाजूला उभे राहिले.

"बस," ते म्हणाले.

आठव्या दिवशी इंजिन गाडीत बसलं. शहाजीनं ते सुरू केलं तेव्हा टपरीवरच्या मंडळींनी कान टवकारले होते. गाडी दूध प्यालेल्या मांजरीसारखी गुरगुरत उभी राहिली. कपातला चहा हलला नाही.

"काय रे शहाजी, पैलवान उपाशी हाय का?" एकजण म्हणाला.

"न्हाई, झोपलाय. तू चहा पी," शहाजी म्हणाला. त्याला वाटलं होतं तेवढं हे जड गेलं नाही.

शेठनी चक्कर मारायची म्हटलं. शहाजी शेजारी, मागं काकी आणि बाबालाल मिस्त्री. मिस्त्रींच्या मांडीवर लाडवांचा डबा, कारण काकींचा आता कुठल्याच इंजिनावर भरवसा राहिला नव्हता. रस्ता तोच, ऊस तोच. चढावर एक ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, ऊस झुलतोय, गाणी वाजताहेत. शेठ डोकावले, आत आले. रस्ता सरळ झाला. तिसरा गिअर. पाय दाबला.

गाडी दचकली नाही, कण्हली नाही. कुणी पाठीला हात लावून पुढं न्यावं तशी उचलली गेली. ट्रॉली, ट्रॉली, ट्रॅक्टर, फेटा, गाणी, सगळं एका दमात मागं गेलं. एवढ्या सहज की शेठना ते खरं वाटलं नाही आणि त्यांनी ट्रॅक्टर खरोखर मागं आहे ना, हे आरशात बघितलं. होता. आणि मग तीस वर्षं सौद्यात कोंडलेलं ते सगळं बाहेर आलं. आधी फस्स, मग खळगा, मग तोंड उघडून, मान मागं टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकीही हसायला लागल्या. मिस्त्री तर कारण न विचारता हसणारा माणूस.

"आता सौद्यात हसू नका म्हणजे मिळवली," काकी डोळे पुसत म्हणाल्या.

"सौद्यात कुठली ट्रॉली येते," शेठ म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले.

"काटा कुठं हाय?" मिस्त्रींनी मागून शहाजीला विचारलं.

शहाजीनं काट्याकडं बघितलंच नव्हतं. तो शेठच्या चेहऱ्याकडं बघत होता. त्याच्या उत्तराची वाट न बघता मिस्त्रींनी लाडवाचा डबा उघडला आणि पहिला लाडू पुढच्या सीटवर दिला.

दुसऱ्यासाठी काही निवडायची पाळी आली, मग तो दांडा असो, शाळा असो वा स्थळ, तर सगळ्यात मोठं कुठलं हे विचारण्याआधी एक दिवस त्या माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून यावं.